टाइम ट्रायलमध्ये चांगली वेळ देणाऱ्या मुलाने पुढे काय करावे?

मयेकर_मामा (डिचोली) यांचा प्रश्न

नमस्कार. माझा भाचा सतरा वर्षांचा असून हायर सेकंडरीत विज्ञान शाखेत बारावीला आहे. पहाटे मयेहून पूल ओलांडून चोडणात जायचे, बेटावरच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारायच्या आणि वर्ग भरण्याआधी घरी परतायचे, हा त्याचा नेम आहे. त्या वेळी रस्त्यावर पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीखेरीज दुसरी सायकल सहसा दिसत नाही, त्यामुळे त्याचा सगळा सराव एकट्यानेच होतो.

राज्य पातळीवरच्या शर्यतींत आणि निवड चाचण्यांत एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. एकेका स्पर्धकाला ठरावीक अंतराने सोडून वेळ मोजतात त्या टाइम ट्रायलमध्ये तो आपल्याहून मोठ्या मुलांनाही मागे टाकतो. परंतु सगळे एकत्र सुटतात त्या रोड रेसमध्ये तो घोळक्याच्या शेपटाला राहतो, वळणावर दोन-चार हात मागे पडतो आणि ते अंतर भरून काढण्यातच त्याची शक्ती संपते. त्याला मार्गदर्शन करणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की मुलगा टाइम ट्रायलचाच आहे, तेव्हा त्याने रोड रेसचा नाद सोडावा आणि घरच्यांनी त्याला टाइम ट्रायलची खास सायकल घेऊन द्यावी. माझे भावोजी त्यास तयार नाहीत, कारण त्या सायकलीच्या किमतीत चांगली चारचाकी मिळते. भाचा तर बारावीनंतर एक वर्ष शिक्षणच थांबवण्याच्या गोष्टी करू लागला आहे.

केवळ टाइम ट्रायलच्या बळावर सायकलपटूची कारकीर्द उभी राहू शकते काय, आणि ही सायकल आताच घेणे आवश्यक आहे काय, याविषयी जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

घाटवाट (फोंडा)

मामा, आपण केलेल्या वर्णनातच उत्तराचा मोठा भाग आहे. मुलगा टाइम ट्रायलचा आहे असा निष्कर्ष काढण्याआधी, त्याला दुसरे काही होण्याची संधी मिळाली का, हे पाहायला हवे. गोव्यात वीस-तीस समान ताकदीच्या तरुणांचा घोळका रोज एकत्र धावत नाही. जो तो आपापल्या गावातून एकटा निघतो, एकटाच वाऱ्याशी झगडतो आणि एकटाच परततो. असा सराव करणारा मुलगा एकट्याने धावण्यात तरबेज होणार आणि घोळक्यात बुजणार, हे ओघानेच आले. पुढच्या चाकापासून हातभर अंतर राखून ताशी ४५ किलोमीटरने वळण घेणे, कोपर लागले तरी हँडल न हलवणे, वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहून कोणाच्या आडोशाला जायचे ते ठरवणे, ही कौशल्ये चोडणच्या रस्त्यावर एकट्याला येणे शक्य नाही. म्हणून त्याच्या रोड रेसमधील अपयशाला मी स्वभावदोष मानणार नाही. ती सवयीची उणीव आहे आणि सतराव्या वर्षी ती भरून निघते.

आता कारकिर्दीविषयी. टाइम ट्रायलला प्रतिष्ठा मोठी आहे, परंतु शर्यती थोड्या आहेत. २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये २१ टप्प्यांपैकी वैयक्तिक टाइम ट्रायल केवळ दोन होत्या. सुमारे ३,५०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत त्यांचे अंतर मिळून ५९ किलोमीटर भरले. उरलेले एकोणीस दिवस घोळक्यातच काढावे लागतात, आणि तिथे ज्याचा संघाला उपयोग नाही त्याला दोन दिवसांसाठी कोणी पगार देत नाही. फाबियान कान्सेलारा चार वेळा टाइम ट्रायलचा जगज्जेता झाला, तरी पॅरिस-रूबे आणि टूर ऑफ फ्लँडर्ससारख्या एकदिवसीय शर्यतीही त्याने तीन-तीन वेळा जिंकल्या. टोनी मार्टिननेही चार जागतिक विजेतेपदे मिळवली आणि इतर दिवशी तासन् तास घोळक्याच्या तोंडाशी राहून सहकाऱ्यांसाठी वारा फोडला. टाइम ट्रायलपटूची खरी नोकरी बव्हंशी हीच असते.

ज्युनियर गटाच्या जागतिक टाइम ट्रायलचे विजेते पाहिले तरी हेच दिसते. २०१६ चा विजेता ब्रँडन मॅकनल्टी पुढे टप्प्यांच्या शर्यतींत रमला. २०१७ चा विजेता टॉम पिडकॉक डोंगरी सायकलीवर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून गेला. २०१८ चा विजेता रेम्को एव्हनपूल याची कथा आपल्या भाच्याने अवश्य समजून घ्यावी. तो २०१७ पर्यंत फुटबॉलपटू होता. अँडरलेख्ट आणि पीएसव्ही या क्लबांच्या युवा संघांत घडलेला हा मुलगा सायकलीवर बसल्यानंतर दीडच वर्षात ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला रोड रेस आणि टाइम ट्रायल या दोन्हींत ज्युनियर जगज्जेता झाला. २०१९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मोठ्यांच्या जागतिक टाइम ट्रायलमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले. ताकद उपजत होती; परंतु घोळक्यात जागा धरणे आणि उतारावर सायकल सांभाळणे या बाबतींत तो कच्चा आहे, अशी टीका त्याच्यावर बरीच वर्षे होत राहिली. २०२० च्या इटलीतील लोंबार्डिया शर्यतीत उतारावर पुलाच्या कठड्यावर आदळून तो खाली दरीत कोसळला आणि त्याच्या कटिभागाचे हाड मोडले. त्यातून उठून त्याने २०२२ ची व्हुएल्टा ही स्पेनमधील टप्प्यांची शर्यत आणि त्याच वर्षीची जागतिक रोड रेस जिंकली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायल व रोड रेस अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. टाइम ट्रायल त्याने कधी सोडली नाही, पण तिच्यापुरता तो उरलाही नाही.

माझा सल्ला असा की चवथीनंतर पाऊस ओसरला की मुलाला महिन्यातून एकदा तरी बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मुलांबरोबर धावू द्यावे. शक्य असल्यास सुट्टीत विजापूर-बागलकोट भागातही पाठवावे. राष्ट्रीय पातळीवरचे कितीतरी सायकलपटू त्या कोरड्या, वाऱ्याच्या पठारावरून आले आहेत आणि गोव्यापासून ते काही फार लांब नाही.

वारा_आणि_वॉट (मडगाव)

घाटवाट यांचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही टाइम ट्रायल ही केवळ एकटेपणातून आलेली सवय आहे असा कोणाचा समज होऊ नये. ते एक स्वतंत्र कसब आहे आणि त्यात हिशेबाला फार महत्त्व आहे. मामांच्या दोन प्रश्नांपैकी मी दुसऱ्याविषयी, म्हणजे सायकलीविषयी लिहितो.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते, आणि हा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. हवेला अडणारे शरीराचे प्रभावी क्षेत्रफळ ०.३० चौरस मीटर असेल, तर गोव्याच्या उष्ण हवेत या वेगाला केवळ वाऱ्यासाठी सुमारे २४० वॉट लागतात. तेच क्षेत्रफळ ०.२४ वर आणले तर १९० वॉट पुरतात. म्हणजे पन्नास वॉटचा फरक, जो पायांच्या बळावर मिळवायचा तर वर्ष-दोन वर्षे मेहनत करावी लागेल. ही बचत सायकलीच्या सांगाड्यातून थोडीच होते. ती मुख्यतः माणसाच्या बैठकीतून होते, कारण वाऱ्यासमोर सर्वांत मोठा अडथळा माणूसच असतो. ग्रेग लेमाँने १९८९ ची टूर शेवटच्या दिवशीच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलच्या बळावर लोराँ फिन्यॉंवर एकूण वेळेत आठ सेकंदांनी मात करून जिंकली, तेव्हा त्याच्या हँडलवर पुढे हात टेकवण्याचे एअरोबार होते आणि फिन्यॉंच्या हँडलवर नव्हते. त्याच्या विजयात याशिवायही बरेच काही होते, हे मान्य करूनही तो धडा विसरण्यासारखा नाही.

म्हणून आताची सायकल तशीच ठेवून तिला चांगले क्लिप-ऑन एअरोबार लावावेत, जे काही हजारांत येतात, आणि बैठक जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी. खोगीर किंचित पुढे सरकवावे लागते, अन्यथा धड खाली गेल्यावर मांडी पोटावर दाबते आणि दम कोंडतो. कोपरे जवळ आणावीत, खांदे आत घ्यावेत, डोके खांद्यांमध्ये बुडवावे. आणि ही बैठक वीस-पंचवीस मिनिटे न मोडता टिकते का ते पाहावे. पाच मिनिटांनी मान दुखून वर उठणारा माणूस ज्या बैठकीत बसला आहे, ती कागदावर कितीही वेगवान असली तरी निरुपयोगी आहे. सतराव्या वर्षी उंची वाढत असते, हेही लक्षात घ्यावे. आज मापाने घेतलेली महागडी सायकल दोन वर्षांत आखूड पडण्याचा संभव आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी पॉवर मीटर घ्यावा. सायकल बदलली तरी तो पुढच्या सायकलीवर लावता येतो आणि वारा कसाही असला तरी किती जोर लागला ते खरे सांगतो.

उकाड्याबद्दलही लिहायला हवे, कारण आपल्याकडे हा प्रश्न बारमाही आहे. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि न सुकणारा घाम शरीराला थंड करत नाही. पावसाळ्यात मुले घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारण्याच्या स्टँडवर, सायकल चढवून सराव करतात तेव्हा तर हवाही हलत नाही. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, मोठा पंखा समोर लावल्याशिवाय तासभर जोर लावण्याचा प्रयत्न करू नये. आणि सराव झाल्यावर हँडलची पट्टी सोडवून आत पाहावे. घामाच्या मिठाने ॲल्युमिनियमचे हँडल पट्टीखाली पांढरे पडून कुरतडले गेलेले मी पाहिले आहे, आणि एअरोबारचा सगळा भार त्याच हँडलवर असतो.

वास्कोची_आई

माझी मुलगी याच वयोगटात टाइम ट्रायल करते, म्हणून बैठकीच्या चर्चेत एक भर घालते. वरच्या उत्तरात डोके खांद्यांत बुडवायला सांगितले आहे. ते शर्यतीच्या बंद रस्त्यावर योग्य आहे. आपल्या उघड्या रस्त्यावर मात्र ते जिवावर बेतू शकते. एअरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात, आणि मान खाली असताना नजर समोरच्या दहा-पंधरा फुटांवर असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात, जेव्हा सराव सर्वांत चांगला होतो, तेव्हाच आपल्या रस्त्यांवर भाड्याच्या गाड्या घेऊन फिरणारे पर्यटक असतात, आणि ते समुद्र दिसला की मागे न पाहता दार उघडतात. हे भय काल्पनिक नाही. स्वतः एव्हनपूल डिसेंबर २०२४ मध्ये सरावाला गेला असता उभ्या गाडीच्या अचानक उघडलेल्या दारावर आदळला आणि बरगडी, खांदा व हात यांची हाडे मोडून बसला. अमेरिकेची क्लोई डायगर्ट २०१५ मध्ये रोड रेस आणि टाइम ट्रायल या दोन्हींत ज्युनियर जगज्जेती आणि २०१९ मध्ये टाइम ट्रायलची जगज्जेती झाली. २०२० च्या जागतिक स्पर्धेत आघाडीवर असताना वळणावर ताबा सुटून ती कठड्यापलीकडे फेकली गेली आणि तिच्या पायाला खोल जखम झाली. पुन्हा जगज्जेती होण्यास तिला २०२३ उजाडावे लागले.

आमच्या घरी नियम असा आहे की एअरोबारवरचा जोराचा सराव ट्रेनरवर करायचा, आणि रस्त्यावर तो केवळ पहाटे, ओळखीच्या, फाटे नसलेल्या तुकड्यावर, तोही स्कूटरवरून मागे कोणीतरी असेल तेव्हाच. महामार्गावर तर अजिबात नाही. चोडणचा रस्ता या दृष्टीने बरा आहे, तरी फेरीबोट लागली की एकदम वाहने सुटतात, ती वेळ टाळावी.

मयेकर_मामा

सर्वांचे आभार. सायकलीचा प्रश्न जवळजवळ सुटला. भावोजींना वरची उत्तरे वाचायला दिली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. शिक्षण थांबवण्याविषयी मात्र कोणी लिहिले नाही. भाचा म्हणतो की परदेशातली मुले अठराव्या वर्षी व्यावसायिक संघांत जातात, आणि जॉश टार्लिंगचे नाव सांगतो.

निवृत्त_क्रीडाशिक्षक (पेडणे)

भाच्याचे म्हणणे तथ्याला धरून आहे, परंतु अर्धवट आहे. वेल्सचा टार्लिंग २०२२ मध्ये ज्युनियर जगज्जेता झाला, पुढच्याच वर्षी इनिऑस या व्यावसायिक संघात गेला, आणि त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, मोठ्यांच्या जागतिक टाइम ट्रायलमध्ये कांस्यपदक आणि युरोपचे विजेतेपद घेऊन आला. फ्रान्सचा पॉल सेक्सास हा २०२४ चा ज्युनियर जगज्जेताही अठराव्या वर्षी सर्वोच्च श्रेणीच्या संघात गेला. परंतु टार्लिंग ज्या देशात वाढला तिथे गावोगावी संध्याकाळच्या क्लब टाइम ट्रायल होतात, लहानपणापासून ट्रॅक उपलब्ध असतो, आणि राष्ट्रीय संघटना मुलांना शालेय वयातच हेरते. ती शिडी आपल्याकडे नाही. तिच्या वरच्या पायरीकडे पाहून खालच्या पायऱ्या नसताना उडी घेऊ नये. आणि इतके सगळे असूनही पॅरिस ऑलिंपिकमध्ये टार्लिंगचे चाक पंक्चर झाले व जेमतेम दोन सेकंदांनी पदक हुकले, हेही भाच्याला सांगावे.

भारतात या वयाच्या मुलासमोर जे मार्ग आहेत ते वेगळे आहेत. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये रेल्वे आणि सेनादलांचे संघ उतरतात आणि चांगल्या सायकलपटूंना तिथे खेळाच्या आधारे नोकरी मिळते. भारतीय रस्ता-सायकलपटूला स्थिर मिळकत बहुतांशी याच वाटेने मिळते, युरोपातील संघांमुळे नव्हे. अशा नोकरीसाठी शिक्षण आणि राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरी दोन्ही पाहिली जातात, म्हणून शिक्षण थांबवणे म्हणजे स्वतःच दार बंद करून घेणे होईल. नवीन जॉन यांनी राष्ट्रीय टाइम ट्रायलचे विजेतेपद अनेकदा मिळवले. ते सायकलिंगकडे वळले ते अमेरिकेत अभियांत्रिकी शिकत असताना. दीर्घ अंतर एकसारख्या जोराने धावण्याची ताकद विशीनंतरही वाढत राहते. कान्सेलाराने आपले दुसरे ऑलिंपिक सुवर्ण २०१६ मध्ये पस्तिसाव्या वर्षी मिळवले. तेव्हा सतराव्या वर्षी एक वर्ष वाचवण्याची घाई या प्रकारात तरी नको.

एका बाबतीत माझे मत वरच्या मंडळींपेक्षा थोडे निराळे आहे. बेळगाव-कोल्हापूरच्या घोळक्याबरोबरच मुलाला एकदा ट्रॅकही दाखवावा. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात लाकडी धावपट्टीचा बंदिस्त ट्रॅक आहे, आणि आपल्या देशातील ट्रॅक सायकलिंगचे बरेच प्रशिक्षण त्याच्याभोवती फिरते. भारताच्या मुलांनी २०१९ मध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले; त्या संघातील मुले अंदमान आणि मणिपूर अशा, गोव्याप्रमाणेच दिल्लीपासून दूरच्या, लहान प्रदेशांतील होती. टाइम ट्रायलचे पाय असलेल्या मुलाला स्प्रिंट जमणार नाही, परंतु चार किलोमीटरचा पर्स्यूट, म्हणजे ट्रॅकवर ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत, हा त्याच्या प्रकृतीचा प्रकार आहे. इटलीचा फिलिप्पो गान्ना पर्स्यूटमध्येच घडला. पुढे तो टाइम ट्रायलचा दोनदा जगज्जेता झाला आणि २०२२ मध्ये एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापून त्याने विक्रम केला. शिवाय सांघिक पर्स्यूटमध्ये चौघे एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावतात, त्यामुळे घाटवाट यांनी सांगितलेली भीड तिथेही मोडते, आणि समोरून गाडी येण्याचा प्रश्न नसतो.

घाटवाट (फोंडा)

ट्रॅकची सूचना मला पटली, सर. मी रस्त्याच्याच चष्म्यातून पाहत होतो. मात्र तो दिल्लीत असल्यामुळे वर्षभरात त्याला फार तर एखाद्या शिबिराएवढा वेळ मिळेल. घोळक्याची सवय तोवर थांबू शकत नाही.

मयेकर_मामा

ठरले असे: बारावी पूर्ण करायची, एअरोबार आणि पॉवर मीटर घ्यायचे, आणि पाऊस संपल्यावर बेळगावच्या मुलांबरोबर धावायला जायचे. भाच्याने शेवटचा एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. निवड चाचणीत पहिली काही मिनिटे तो फार वेगाने जातो आणि उत्तरार्धात मंदावतो. यावर उपाय काय?

वारा_आणि_वॉट (मडगाव)

हे जवळजवळ प्रत्येक तरुण मुलाचे होते. रॅम्पवरून सुटताना पाय ताजे असतात, छाती धडधडत असते, आणि जो जोर वीस मिनिटांत हळूहळू वापरायचा तो पहिल्या तीन मिनिटांतच निघून जातो. पॉवर मीटर लावल्यावर पहिली तीन-चार मिनिटे ठरवलेल्या सरासरीच्या वर आकडा जाऊ द्यायचा नाही, असा नियम करावा. त्याला ते हळू वाटेल, वाटू द्यावे. आपल्याकडच्या चाचण्या बहुधा जाऊन परत येण्याच्या मार्गावर असतात, म्हणून सुटण्याआधी वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहावे. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो. ज्या दिशेला तो समोरून येतो तिकडे थोडा जास्त जोर द्यावा आणि पाठीवर आला की थोडा कमी, कारण हळू जाताना जो जास्त वेळ लागतो तिथे वाचवलेली सेकंदे अधिक असतात. आणि मध्यावर शंकूला वळसा घालायचा असतो, त्याचा स्वतंत्र सराव करावा: वळणाआधी गिअर हलका करायचा, ब्रेक सरळ रेषेत असतानाच लावायचा, आतला पाय वर ठेवायचा आणि नजर शंकूवर न ठेवता बाहेर पडायच्या रस्त्यावर ठेवायची. चोडणात एखाद्या मोकळ्या जागी दोन दगड ठेवून हे रोज दहा मिनिटे केले तरी चालेल.